काजूची ॲलर्जी, हॅलोविनची रात्र आणि 'श्वास' : माझा अनुभव

मी अकरावीला आहे, अंबाजोगाईची. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत संभाजीनगरला मावशीकडं गेले होते आणि तिथं मला काजूची ॲलर्जी निघाली. ती कशी निघाली, टेस्ट कशी झाली, आता घरात काय काय बदललं हे सगळं लिहायलेय, कारण तेव्हा मला मराठीत हे नीट कुठं वाचायलाच मिळालं नाही. मधी एका पिक्चरबद्दल पण लिहिणारे, त्याच्याशिवाय मला हे सांगताच येणार नाही.

31 ऑक्टोबरला मावशीच्या सोसायटीत हॅलोविन होतं. इकडं हे आत्ता आत्ता सुरू झालंय, लेकरं भुताचे कपडे घालून घरोघरी चॉकलेट मागत फिरतात. माझी मावसबहीण लहान आहे, तिच्यासोबत मी गेले, तिनं हट्टानं माझं पण तोंड पांढरंफेक रंगवलं होतं. एका घरी घरीच बनवलेले चॉकलेट होते, चंदेरी कागदात गुंडाळलेले, वर काहीच लिहिलेलं नाही. मी एक खाल्लं आणि जिना उतरेपर्यंत माझे ओठ खाजवायला लागले. काजूकतली खाल्ली की घसा खवखवतो असं मी लहानपणापासून सांगायचे, घरी म्हणायचे तूप लागलं असेल घशाला, गरम पाणी पी, म्हणून मी काजू फारसा खायचेच नाही. पण या चॉकलेटात काजूची पूड आहे हे बघून कळणार कसं.

मग हातावर, पोटावर गांधी उठल्या. मावशी म्हणली पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावू, ती आमसूल भिजवेपर्यंत मला उलटी झाली आणि माझा आवाज बदलला, घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटावा असा. काकांनी आवाज ऐकला आणि एक शब्द न बोलता गाडीची किल्ली घेतली. आजही मला वाटतं त्यांनी त्या क्षणाला जे केलं तेच बरोबर होतं, गोळी देऊन वाट बघितली असती तर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो.

हॉस्पिटलमध्ये सिस्टर बोळ्यानं माझ्या तोंडावरचा पांढरा रंग पुसत होत्या, कारण रंगाखाली चेहरा किती सुजलाय, ओठ निळे पडलेत का, काहीच दिसत नव्हतं. बोळे एकामागून एक पांढरे होऊन ट्रेमध्ये पडत होते. डॉक्टर मॅडम मावशीशी नाही, माझ्याशी बोलल्या. म्हणल्या, "तुला ॲनाफिलॅक्सिस झालंय, म्हणजे खूप जोराची ॲलर्जी. मी मांडीत ॲड्रिनॅलिन देतेय. छाती धडधडेल, हात थरथरतील, ते औषधानं होतं, घाबरू नको." आणि तसंच झालं, छाती धडधडली, हात थरथरले, पण मला माहीत होतं हे कशानं होतंय. थोड्या वेळात घसा मोकळा झाला. त्यांनी हे पण सांगितलं की ॲलर्जीच्या गोळीनं खाज कमी होते पण बंद होत आलेला घसा उघडत नाही आणि पडलेलं बीपी वर येत नाही, त्याला ॲड्रिनॅलिनच लागतं. काही तासांनी सगळं परत उलटू शकतं म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

आई-पप्पा बीडमार्गे पहाटे पोचले. आईचं फोनवर एकच चालू होतं, तिला काही सांगू नका, लेकरू घाबरल. आणि मग सगळे व्हरांड्यात जाऊन कुजबुजायचे, आत आले की हसून "काही नाही गं, उगं जरासं पित्त झालं" म्हणायचे. मला सगळ्यात जास्त भीती तेव्हा वाटली, इंजेक्शनच्या वेळी नाही.

घरी आल्यावर एका दुपारी आईसोबत 'श्वास' बघितला. 2004 चा, संदीप सावंत यांचा, भारताकडून ऑस्करला गेलेला. कोकणातला छोटा परशुराम, त्याच्या डोळ्यांना कॅन्सर, जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. अरुण नलावडे आजोबा झालेत. आता मला जे लागलं ते सांगते. डोळे जाणार म्हणून तर रडू येतंच, पण आजोबांना ते नातवाला सांगता येत नाही, कितीदा जवळ बसतात आणि शब्दच फुटत नाही, तिथं मला राहवलं नाही. अमृता सुभाष त्यात हॉस्पिटलची सोशल वर्कर आहे, लेकराला हे कळलं पाहिजे म्हणून ती धडपडते. आणि त्याला कळतं तेव्हा तो शांत वगैरे होत नाही, तो चिडतो, ओरडतो, आकांत करतो. मला ते इतकं खरं वाटलं. कळल्यावर त्रास होतोच की, पण तो त्रास त्याचा आहे, त्याच्या डोळ्यांचा आहे, तो त्याच्यापासून लपवायचा कुणी? नंतर ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर नेतात, जग दाखवायला. माझा आजार त्याच्यापुढं काहीच नाही, तेवढं मला कळतं. पण आई माझ्याशेजारी पदरानं डोळे पुसत होती आणि मी तिला म्हणलं, आई, मला पण सांगत जा ना. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणली, मला वाटलं तुला सांगितलं तर तू त्या भीतीनंच झोपणार नाहीस. आम्ही दोघी रडलो.

टेस्ट लगेच करत नाहीत, रिॲक्शननंतर काही आठवडे जाऊ द्यावे लागतात नाहीतर खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे ॲलर्जी असून नाही असं दिसतं, आणि त्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद. हातावर पेनानं खुणा केल्या, प्रत्येक खुणेजवळ एकेक थेंब, त्यातून बारीक सुईनं जरासं टोचलं, रक्त पण येत नाही. पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं, तेच अवघड. डॉक्टरांनी काही विचारलं की आई सवयीनं तोंड उघडायची आणि मग माझ्याकडं बघून थांबायची, सगळं मीच सांगितलं. काजूच्या खुणेवर टम्म गांध आली, पिस्त्याच्या पण. शेंगदाण्याची जागा मात्र सपाट! आम्हाला खरी धास्ती शेंगदाण्याचीच होती, आमच्याकडं चटणी, भाजीतलं कूट, भाकरीसोबतचा ठेचा, शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक होतो कुठं. शेंगदाणा डाळीच्या जातीचा, काजू वेगळ्या कुळातला, असं डॉक्टरांनी समजावलं. आज्जीला फोन केला तर ती म्हणली, "देव पावला गं माय."

पण काजूच्याच कुळात बिब्बा आहे. म्हणजे गोडंबी, बिब्ब्याच्या आतली. ती आमच्या हिवाळ्यातल्या डिंकाच्या लाडवात पडतेच, म्हणून ती पण लांब ठेवायला सांगितली. आंबा पण त्याच कुळातला आहे हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, पण आजवर आंब्यानं त्रास झाला नाही तर खा म्हणले, केसर वाचला. आज्जीनं यंदा लाडू नुसते खारीक-खोबऱ्याचे केले, कढई घासून, सगळ्यांसाठी तेच.

ॲड्रिनॅलिन आपोआप टोचणारं पेन असतं, ते आपल्याकडं सहज मिळत नाही, म्हणून मला ॲड्रिनॅलिनच्या ॲम्प्यूल, म्हणजे औषधाच्या काचेच्या बारक्या कुप्या, आणि सिरिंज जवळ ठेवायला दिल्यात. माझा डोस किती ते डॉक्टरांनी लिहून दिलंय, ज्याचा त्याचा डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. आई, पप्पा आणि मी साधं पाणी भरून मोसंबीवर प्रॅक्टिस केली. पाकिटावरचं पण आता वाचते. 2020 च्या नियमानं पाकिटावर ॲलर्जीचे पदार्थ लिहावे लागतात, शेंगदाणा, काजू-बदाम, दूध, अंडं असे. सुट्या मिठाईवर तसं काही नसतं, म्हणून सुटं खात नाही. अमेरिकेत हॅलोविनला दारात निळसर हिरवा भोपळा ठेवतात, म्हणजे इथं खाऊऐवजी पेन्सिल, स्टिकर असलं मिळेल, 2014 पासून ते देशभर चालू आहे. मावशीला हे सांगितलं तर तिनं सोसायटीत विषय काढलाय.

पुढच्या वर्षी नीटच्या क्लाससाठी लातूरला राहायचंय. मेसच्या काकूंना पप्पा फोन लावत होते, मी म्हणलं मी बोलते. पनीरच्या भाजीत काजू वाटून घालतात का विचारलं, त्या म्हणल्या घालतो की, तुला त्या दिवशी पिठलं वेगळं करून देईन. मग त्यांना सांगितलं माझं औषध कुठल्या कप्प्यात असेल आणि ते उन्हात का ठेवायचं नाही, आणि त्यांनी ते परत म्हणून दाखवलं.