नागपूरची महाराजबाग : कोजागरी ते दिवाळी

गेल्या वर्षी सकाळी बागेच्या दोन फेऱ्या मारायच्या आणि दिसेल तो पक्षी, दिसेल ते फुलपाखरू टिपायचं, असं चाललं होतं. यादी लांबलचक झाली, पण वहीत नावांशिवाय काही नाही. म्हणून यंदा कोजागरीपासून फेऱ्या बंद. बुचाच्या झाडाखालचा एकच बाक, साडेसहा ते आठ. खांद्यावर बुचाची फुलं पडतात, तेवढा बोनस.

पहिला आठवडा कोरडाच. लॉनवर धोबी पक्षी आला, शेपटी वरखाली करत हिंडतोय. रुईवर बिबळ्या कडवा फुलपाखरू. बस्स. आठ वाजताच मान भाजायला लागते, ते वेगळं. माळीकाका म्हणाले, "काहून जी भाऊ, रोज इथंच बसता?" उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

आठव्या दिवशी ते मिळालं. समोरच्या आंब्याच्या खालच्या फांदीवर बांडगूळ आहे. त्यावर हळदीकुंकू नावाची फुलपाखराची मादी उतरली. उडताना वरून पांढरीच दिसते. हळद आणि कुंकू पंखांच्या खालच्या बाजूला, पंख मिटले की कळतं. एकाच पानाशी ती बराच वेळ पोट वाकवून लटकली होती. ती गेल्यावर झूम करून पाहिलं : पानाच्या खालच्या अंगाला पिवळी अंडी, एकमेकांना न चिकटता, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मांडलेली. मोजली, सतरा. तेराव्या दिवशी त्याच पानावर अळ्या, सगळ्या खेटून, एका ओळीत खात होत्या. वाऱ्याने फांदी हलली तशा दोन-तीन रेशमाच्या धाग्यावर खाली लोंबकळल्या.

आणि मी? दोन वर्षांपूर्वी घरच्या आंब्यावरचं बांडगूळ स्वतः कोयत्याने छाटलं, आणि अंगणात हळदीकुंकू का येत नाही म्हणून इथेच कुरकुर केली होती. जुन्या नोंदीत आहे ती.

एक दुरुस्ती. मागच्या नोंदीतला 'रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर' हा पक्षी खोडा. गळ्यावर लाली नव्हतीच, नुसती शेपटी उभारायची सवय आणि शेपटीच्या बुडाशी पांढरे डाग पाहून लिहून मोकळा झालो. हे तर त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या टायगा फ्लायकॅचरमध्येही असतं. आता फोटो मोठा करून पाहिला तर चोच पूर्ण काळी, आणि शेपटीचं बूड वरून झाकणारी पिसं शेपटीहूनही काळी. टायगाच असावा. आवाज रेकॉर्ड झाला की पक्कं सांगतो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुट्टी घेतली. पाडव्याला गेलो तर पान अर्धं संपलेलं, अळ्या शेजारच्या पानावर. या वेळी चौदाच मोजता आल्या.