चढ न लागणारा डोंगर

पिट्सबर्गला राहायला आल्यावर ट्रेकिंगचं काय करायचं हा प्रश्न पडतो, म्हणजे पुण्यात वाढून दर रविवारी कुठला ना कुठला गड चढायची सवय असलेल्या माणसाला तरी पडतोच. डोंगर आहेत इथे, भरपूर आहेत आणि हिरवेगार आहेत, पण सगळे गोलमटोल, कडा नाही, बुरूज नाही, वर टाकं नाही आणि पिठलं-भाकरीवाल्या मावशी तर नाहीतच. तेव्हा ऑफिसातल्या एकीने सुचवलं, ग्रेट ॲलेघेनी पॅसेज करा. मेरीलँडमधल्या कंबरलँड गावापासून पिट्सबर्गच्या पॉइंट स्टेट पार्कपर्यंत १५० मैल, म्हणजे साधारण २४० किलोमीटर. जुन्या रेल्वेलाइनीचे रूळ काढून त्यावर चुनखडीची बारीक कच दाबून बसवलीय, मोटारींना बंदी. बहुतेक लोक सायकलने करतात. आम्ही चालत करतोय, तुकड्यातुकड्याने, वीकेंड मोकळा मिळेल तसा, दोन गाड्या घेऊन जायचं, एक पुढच्या गावात लावून यायची आणि मग मागच्या गावातून चालत सुटायचं.

सुरुवातीला मला जाम बोअर झालं. चढच नाही ना! धाप लागत नाही, घाम नाही, दगड धरून वर खेचायचं नाही, नुसतं चाला. आणि ह्या ट्रेलचा सगळ्यात उंच पॉइंट म्हणजे काय, तर एका छोट्या रस्त्याखालचा बोगदेवजा अंडरपास! ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड, २,३९२ फूट. भिंतीवर चित्रं काढलीयत, शेजारी अख्ख्या ट्रेलच्या चढउताराचा आलेख रंगवलाय, लोक फोटो काढतात. इथे पडलेल्या पावसाचं पाणी एका बाजूने मेक्सिकोच्या आखाताकडे जातं आणि दुसऱ्या बाजूने चेसापीक उपसागरात, हे भारी आहे, मान्य. पण सिंहगड ४,३०० फूट आहे हो. आपण ज्याच्या पायथ्याशी भजी खातो त्याहून हे शिखर फार काही वर नाही.

मग उन्हाळ्यात सासरे आले आणि सगळं बदललं. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, पी-वेचे, म्हणजे रूळ, खडी, पूल यांच्या देखभालीच्या खात्यातले, आयुष्य सगळं भुसावळ डिव्हिजनमध्ये गेलेलं. त्यांना निसर्ग वगैरे दाखवायला नेलं तर ते झाडांकडे बघायलाच तयार नाहीत, वाकून मोऱ्या बघतायत, कटिंगच्या दोन्ही बाजूंची गटारं कशी काढलीयत ते बघतायत. "अगं, चढ नाही कसा म्हणतेस, आहे ना, तुला लागू दिला नाहीये," असं म्हणाले. आणि मग चालता चालता जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही.

तर झालं असं की लोखंडाचं चाक लोखंडी रुळावर फार चढ घेऊ शकत नाही, घसरतं. म्हणून डोंगर कितीही उंच असो, लाइन मात्र हळूहळूच वर न्यावी लागते, वळसे घालत, कुठे डोंगर कापून, कुठे दरी भरून, आणि जिथे दोन्ही जमत नाही तिथे पूल नाहीतर बोगदा. आपल्या बोरघाटात चढ १ ला ३७, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, म्हणून तर तिथे मागून बँकर इंजिनं लावून गाडी ढकलावी लागते. इथे कंबरलँडकडून वर येताना तो १ ला ५७च्या आसपास आहे आणि डिव्हाइडच्या पलीकडे पिट्सबर्गच्या बाजूला तर सव्वाशे मैल इतका सौम्य उतार की कळतसुद्धा नाही. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने कंबरलँड ते कॉनेल्सव्हिल हा टप्पा १९१२ साली पूर्ण केला. म्हणजे मी ज्याला बोअर म्हणत होते ते शंभर वर्षांपूर्वी कितीतरी माणसांनी सुरुंग लावून आणि फावड्याने ओढून केलेलं काम होतं. चढायचं काम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं, आपण फक्त वर जायचं.

बिग सॅव्हेज टनेल ३,२९४ फूट लांब आहे, म्हणजे जेमतेम एक किलोमीटर. आत दिवे आहेत पण पलीकडचं तोंड नाण्याएवढं दिसतं आणि भर जुलैत आत शिरल्यावर स्वेटर शोधावा लागतो. हिवाळ्यात दारं लावून बंदच ठेवतात, आत पाणी गोठून अस्तराची वाट लागू नये म्हणून. आणि मायर्सडेलजवळचा सॅलिसबरी व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा लांबच लांब पूल! १,९०८ फूट लांब, शंभर फुटांवर, खाली कॅसलमन नदीचं खोरं, हायवे, शेतं, आणि चालू रेल्वेलाइन. तिथे बाबा थांबले ते थांबलेच, कारण खालून मालगाडी येत होती. डबल स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेले कंटेनर, संपता संपेना. मी म्हटलं चला बाबा ऊन लागतंय, तर हात वर करून मला गप्प केलं, वॅगन मोजत होते.

ह्याच मालगाडीत खरी गोम आहे. नदीच्या एका काठाला बाल्टिमोर अँड ओहायोची लाइन आधीपासून होती, आणि समोरच्या काठाने वेस्टर्न मेरीलँडवाल्यांनी आपली दुसरी नेली, स्पर्धा. पुढे दोघी एकाच मालकाच्या ताब्यात गेल्या, मग दोन्ही कशाला पोसायच्या, १९७५ मध्ये ही बंद केली. म्हणून इथे चालताना दिवसभर पलीकडच्या काठावरून भोंगे ऐकू येतात. ओहायोपाइलजवळचा नऊ मैलांचा पहिला तुकडा १९८६ मध्ये ट्रेल म्हणून उघडला आणि शेवटची फट बुजून पिट्सबर्गपर्यंत सलग वाट व्हायला २०१३ उजाडलं. इतकी वर्षं कोण चिकाटीने लागतं हो एका रस्त्यामागे? गावोगावचे व्हॉलंटियर, बहुतेक रिटायर्ड मंडळी. बाबांना हे ऐकून फार बरं वाटलं, साहजिक आहे.

गावं छोटी छोटी आहेत, मायर्सडेल, रॉकवुड, कॉन्फ्लुएन्स, वेस्ट न्यूटन. एक मेन स्ट्रीट, चर्च, बंद पडलेली दोन दुकानं आणि एक चालू आइस्क्रीमवाला. मायर्सडेलला जुन्या स्टेशनातच आता प्रवाशांसाठी केंद्र आहे, बाबांनी आत जाऊन प्लॅटफॉर्मची उंची वगैरे चौकशी केली. लोक बोलके. सायकलवाले मागून "ऑन युअर लेफ्ट" ओरडत येतात, तेव्हा बाबा दोन पावलं बाजूला होतात आणि सायकल पूर्ण पुढे जाईपर्यंत तिच्या चाकांकडे निरखून बघत उभे राहतात, गाडी पास होताना गँगमन उभा राहतो अगदी तसे. सायकलवाल्यांना वाटतं आजोबा किती कौतुकाने बघतायत, ते हात हलवतात.

कॉनेल्सव्हिलच्या पुढे मात्र मजा जरा कमी होते, म्हणजे वाट सुंदरच आहे पण कोळसा दिसायला लागतो. झाडीत कोळशाचा कोक करायच्या जुन्या भट्ट्यांचे अवशेष, आणि जुन्या खाणींतून झिरपणारं पाणी, गंजासारखं केशरी, ओढेच्या ओढे तसे. स्मिथटनजवळ डार खाण होती, १९०७ च्या डिसेंबरात स्फोट झाला आणि २३९ माणसं गेली, बरीचशी युरोपातून नुकतीच आलेली. संत निकोलसचा सण म्हणून काहीजण त्या दिवशी चर्चला गेले, कामावर गेले नाहीत, ते वाचले. आम्ही तिथे डबा खाणार होतो, नंतर पुढे जाऊन खाल्ला. शहराजवळ आलं की होमस्टेड, १८९२ च्या पोलाद कामगारांच्या संपाचं गाव, तिथे आता मॉल आहे आणि गिरणीच्या बारा चिमण्या मॉलच्या पार्किंगशेजारी ओळीने उभ्या. त्यापुढचा हॉट मेटल ब्रिज तर नावाप्रमाणेच, वितळलेलं लोखंड रेल्वेच्या डब्यांतून ह्यावरून नदीपार जायचं. आता त्यावरून लोक कुत्री फिरवतात.

एकदा परत येताना गाडीत मी सहज म्हटलं, बाबा, आपल्याकडे विदर्भातल्या शकुंतला रेल्वेच्या लाइनीचं असं का नाही करत? मूर्तिजापूरवरून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूर, नॅरोगेज, एवढी पडून आहे, मस्त ट्रेल होईल, कपाशीची शेतं, लहान लहान स्टेशनं. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन चालायचं तिच्यावर, बाबांनी बघितलेलं. मला वाटलं खूष होतील. तर एकदम चिडले. "ट्रेल? तिथल्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात जायला गाडी पाहिजे, सायकल नाही. इथे पलीकडच्या काठाला गाडी चालू आहे म्हणून तुम्हाला ह्या काठाला फिरायला सुचतंय." नवरा मध्ये पडला, म्हणाला, अमेरिकेत १९८३ पासून कायदाच आहे, लाइन कायमची मोडीत न काढता ट्रेल करून जमीन एकत्र राखून ठेवता येते, उद्या गरज लागली तर परत रूळ टाकता येतात. बाबा म्हणाले, "टाकलेत कुणी? मला एक दाखव." तो फोनवर शोधत बसला. मला दोघांचंही पटत होतं आणि जास्त बाबांचं, पण गाडी मी चालवत होते त्यामुळे गप्प बसले.

आता फ्रॉस्टबर्ग ते कंबरलँड एवढाच तुकडा उरलाय, सगळा उतार, ऑक्टोबरात पानं लाल झाली की जाऊ. बाबा आता नाशिकला परत गेलेत. त्या तुकड्यात ब्रश टनेल आहे, जिथे टुरिस्ट गाडीचे रूळ आणि ट्रेल एकाच बोगद्यातून शेजारी शेजारी जातात. काल व्हिडिओ कॉलवर त्यांनी आधीच बजावून ठेवलंय, पानांचे फोटो अजिबात पाठवू नकोस, बोगद्यात रुळाच्या कडेपासून ट्रेलपर्यंत क्लिअरन्स किती ठेवलाय ते दिसेल असा एक काढ, आणि बाजूला काहीतरी मापाला उभं कर, नवऱ्यालाच कर.