तुम्ही विचारलेत म्हणून: नकली मालाची वकिली

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गणेशोत्सवात, लग्नात, अगदी किराणा दुकानाच्या रांगेतही मला हटकून विचारले जाते की नकली माल विकणाऱ्यांच्या केसेस मी घेतोच कशा. विचारणाऱ्याच्या खांद्याला न्यूयॉर्कच्या, नकली मालासाठी प्रसिद्ध असलेल्या कॅनल स्ट्रीटवरची पर्स असली, तरी तिच्याकडे मी पाहत नाही.

माझा एक अशील शनिवार-रविवार फ्ली मार्केटमध्ये नामांकित ब्रँडच्या टोप्या विकत असे, ८ डॉलरला एक. डिटेक्टिव्हने त्याची खोकी टेबलावर उपडी केली, कंपनीच्या खासगी तपासनिसाने एकेक टोपी उलटी करून आतली शिवण पाहिली आणि मोजदाद १०४ वर थांबली. न्यू जर्सीच्या कायद्यात २५ हून अधिक नकली वस्तू ताब्यात असल्या की गुन्हा गृहीतच धरला जातो. प्रश्न उरतो तो श्रेणीचा. १०० ते ९९९ वस्तू म्हणजे तिसरी श्रेणी, तीन ते पाच वर्षे कैद. सरकारी वकिलांनी तिथेच बोट ठेवले. पण त्याच कलमात १,००० डॉलरच्या आतला माल किंवा पहिलाच गुन्हा चौथ्या, म्हणजे त्याहून सौम्य श्रेणीत बसतो, आणि हा माल विक्रेत्याच्याच दराने ८३२ डॉलरचा होता. शिवाय पाच टोप्यांचा पुढचा पुठ्ठा मोडलेला होता. त्या विकणार कोण? त्या वगळल्या की उरतात ९९. आमची ही हुज्जत चालू असताना अशील एवढेच विचारत होता, “साहेब, ग्रीन कार्ड राहील ना?”

हा कंपन्यांचा दिवाणी वाद आहे, त्यात पोलिसांचे काय काम, असे मी पूर्वी तावातावाने सांगत असे. नकली चार्जरने घर पेटू शकते, तेव्हा तो युक्तिवाद लंगडा पडतो, हे मान्य. पण चार्जर आणि टोपी एकाच मापाने मोजणे मला आजही पटत नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तिथला असाच कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण त्याची व्याख्या इतकी सैल होती की निषेधाच्या फलकावर ब्रँडचे नाव लिहिणाराही तिच्यात सापडला असता. असे कायदे कोणी तरी न्यायालयात ताणून पाहावे लागतात, आणि ते काम अस्सल माल विकणारा कशाला करील?

टोप्या अस्सल होत्या, असे मी कधीच म्हटले नाही. गुन्हा कबूल न करता अशिलाला प्रीट्रायल इंटरव्हेन्शनमध्ये, म्हणजे खटल्याऐवजी देखरेखीखाली ठेवण्याच्या योजनेत, घेतले गेले, खटला उभाच राहिला नाही, आणि त्या पाच मोडक्या टोप्या मोजायच्या की नाहीत, हे कोणत्याही न्यायाधीशाने ठरवले नाही.