उलटी गाठ

एप्रिलच्या मध्यावर तासगाव भागात द्राक्षाची खरड छाटणी उरकत आलेली असते आणि विहिरींचा तळ दिसायला लागतो. मोटार वाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायच्या धंद्यात आमची सुगी हीच. शेतीची लाईट आठ तास, कधी दिवसा कधी रात्री, त्यात दाब कमी. तीनपैकी एखादा फेज गेला की कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार रेटणारेही पुष्कळ. वीस वर्षं सांगतोय, असं करू नका. कोणी ऐकत नाही आणि मोटारी जळत राहतात.

त्या दिवशी सकाळी छोट्या हत्तीतून ५ एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे पंप आणि मोटार एकत्र असलेली, उतरली. मागून पन्नाशीच्या एक काकू उतरल्या. त्यांनी पिशवीतून हुकाचा डिजिटल काटा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, खोलताना मी इथंच बसणार. निघंल ती तार माझ्यासमोर तोलायची. नवी भराल ती पण. आणि जुनी तार मी घेऊन जाणार."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. गिऱ्हाईक मोटार टाकून जातं, चार दिवसांनी फोन करतं, पैसे देतं आणि घेऊन जातं, अशीच आमच्याकडची रीत. काटा घेऊन कोणी येत नाही. पण त्यांनी पुढचं वाक्य बोलल्यावर मी गप्प झालो. "आठ महिन्यांत दुसऱ्यांदा जळाली. मागच्या वेळी सहा हजार दोनशे घेतले." सोबत पावतीही होती. वहीचं अर्धं पान, त्यावर लिहिलेलं 'कॉपर वाइंडिंग'. वजन नाही, गेज म्हणजे तारेची जाडी नाही. आमच्या धंद्यात पावती मिळणं हेच मोठं समजतात, त्यामुळे तिच्यावर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही.

मोटार जळाली म्हणून आणली तरी मी आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लावतो. निम्म्या वेळा मोटार चांगली असते आणि दोष केबलच्या जोडात किंवा स्टार्टरमध्ये निघतो. ही मात्र खरंच जळालेली होती. कव्हर काढल्यावर कॉइलं बघितली. फेज गेल्यामुळे जळालेली मोटार ओळखू येते, काही कॉइलं कोळसा झालेली आणि काही अगदी कोरी असतात. ही सगळीकडून सारखी करपली होती. म्हणजे एका रात्रीत गेलेली नव्हती, आठ महिने आतल्या आत शिजत होती.

एक टोक ब्लेडनं खरवडलं. आत पांढरं निघालं. वरचा इनॅमल तांबूस, आत अ‍ॅल्युमिनियम.

काकूंना वाटलं राख असेल. मी तापलेला सोल्डरिंग गन आणि सोल्डर घेतलं. तांब्याच्या तुकड्यावर सोल्डर पाण्यासारखं पसरतं, ते दाखवलं. मग त्यांच्या तारेवर टेकवलं, तर गोळी होऊन घरंगळलं. साधं सोल्डर अ‍ॅल्युमिनियमला धरतच नाही. त्या दोन्ही तुकडे हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या.

अ‍ॅल्युमिनियम भरणं हा काही गुन्हा नाही. सांगून भरा, पैसे कमी घ्या आणि तार जाड वापरा. त्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याच्या दीडपटीहून जास्त विरोध असतो, तितकी ती तापते. इथं तांब्याच्या मापाचीच तार ठोकलेली होती. उन्हाळ्यात, कमी दाबात, सलग आठ तास ती कशी टिकणार?

पुढचं काम मी नेहमीपेक्षा सावकाश केलं, कारण कोणीतरी बघत होतं आणि मला ते दाखवायचंही होतं. बरेच जण स्टेटर, म्हणजे कॉइलं बसलेला पत्र्यांचा गाभा, सरळ आगीत टाकतात, तार पटकन सुटते. पण त्यात पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटार कायमची गरम चालायला लागते. मी एका बाजूची कॉइलं छिन्नीनं कापतो, दुसरीकडून हळूहळू ओढून काढतो. फेरे एका कॉइलचे मोजून भागवत नाही, तीन कॉइलांचे मोजतो. छत्तीस खाचा स्वच्छ करून लेदराईड पेपर (इन्सुलेशनचा जाड कागद) घातला, तार भरली, वर बांबूच्या पट्ट्या ठोकल्या. वॉर्निश देऊन पिंपात दोनशे वॅटचे चार बल्ब लावून रात्रभर सुकवायचं. हे सुकवणं लोक टाळतात, कारण गिऱ्हाईकाला ते दिसत नाही.

निघालेली तार भरली १ किलो ६० ग्रॅम. नवं तांबं ३ किलो ४०० ग्रॅम. काकूंनी दोन्ही आकडे मोबाईलमध्ये टिपले आणि विचारलं, "मग पहिल्यांदा जळाली तेव्हा आतलं तांबं पण साडेतीन किलोच्या आसपास असणार. ते कुठं गेलं?"

ते भंगारात गेलं होतं. किलोला सहाशेच्या वर भाव, म्हणजे दोन हजारांहून जास्त. त्यांचे सहा हजार दोनशे, वर हे दोन हजार, आणि बदल्यात किलोभर अ‍ॅल्युमिनियम. त्यांनी हिशोब तोंडानंच केला. मला काही सांगावं लागलं नाही.

आता जे चार दिवस डोक्यातून जात नाही ते. कॉइलं कापायच्या आधी ओव्हरहँगची, म्हणजे खाचांबाहेर आलेल्या कॉइलांच्या टोकांची दोरी सोडताना मी थबकलो होतो. दर तिसऱ्या खाचेला दुहेरी वेढा, गाठ बाहेरच्या अंगाला, म्हणजे रोटरला घासणार नाही. ही माझी पद्धत. आणि गाठ उलटी पडलेली. तशी गाठ एकाच डावखुऱ्या पोराची पडायची. सहा वर्षं माझ्याकडं होता. मीच त्याचा हात धरून ती गाठ शिकवली होती.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, "काम कोणी केलंय ते तुमच्या लोकांना कळतं म्हणे. खरं?"

मी म्हणालो, "अ‍ॅल्युमिनियम आहे एवढं कळतं, काकू."

त्यांना पटलं नाही, ते दिसलं. दुकान त्यांना माहीतच होतं, पावती हातात होती. तो माझा कोण, तेवढं मला सांगायचं नव्हतं. पण माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं: निघालेली तार अ‍ॅल्युमिनियम, वजन इतकं, भरलेलं तांबं इतकं, फेरे इतके. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी मोटार घ्यायला आल्या तेव्हा तो कागद आणि जुनी तार पिशवीत घालून घेऊन गेल्या. विहिरीवर मोटार बसल्यावर पुतण्यानं क्लॅम्प मीटरचा फोटो पाठवला, तिन्ही फेजवर सात अँपिअरच्या आसपास. असा सारखा आकडा बघून मला अजूनही बरं वाटतं.

रात्री त्याचा फोन आला. "मालक, तुम्ही लिहून दिलंत?"

"दिलं. ते पैसे परत कर."

"करतो." मग थोडा वेळ काही बोलला नाही. "मोटार आणणाऱ्या वायरमनला पाचशे द्यावे लागतात मालक, नाहीतर तो दुसरीकडं नेतो. तुमच्याकडं आपोआप येतात, माझ्याकडं येत नाहीत." आणि फोन ठेवायच्या आधी हळू आवाजात, "जुनं तांबं तर आपण पण कधी परत दिलं नाही."

ते खरं आहे. तांबं म्हणून अ‍ॅल्युमिनियम मी आयुष्यात भरलं नाही. पण जळालेलं तांबं मिस्त्रीचं, हा नियम मी माझ्या मालकाकडून घेतला आणि त्याला दिला. गिऱ्हाईकानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पोतं बांधून भंगारवाल्याकडं तोच घेऊन जायचा, मीच पाठवायचो.

दुसऱ्या दिवसापासून जुन्या तारेचं वजन बिलावर लिहितोय. न्यायची तर न्या, नाहीतर बिलातून वळती करतो. दोघांनी नेली, एकजण म्हणाला ठेवा तुम्हालाच. मागच्या कोपऱ्यात मार्चपासूनचं पोतं भरलेलं उभं आहे, पंधरा-सोळा मोटारींचं तांबं. कुठली तार कोणाची, ते आता वेगळं करता येत नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला. अजून दिलेलं नाही.