तबला कोण वाजवतंय?

आई मेथी निवडता निवडता थांबली. "तबला कोण वाजवतंय रे?"

स्पीकरवर लेड झेपलिन हा इंग्लिश रॉक बँड होता. कॉलेजपासून ज्यांच्यापायी "आधी तो धिंगाणा बंद कर" ऐकत आलोय, तेच!

गाणं 'फ्रेंड्स', पण १९७२ साली आपल्या मुंबईत रेकॉर्ड केलेलं. बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट आले, इथलेच वादक घेतले. बाहेर आलं थेट २०१५ मध्ये, त्यांच्या 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत. मला मूळ गाण्यापेक्षा हेच आवडतं (कट्टर मंडळींनी माफ करावं).

"हात छान आहे हो," म्हणत आई परत मेथीकडे वळली. पेजच्या गिटारबद्दल अवाक्षर नाही.

गाण्यापुढे कंसात नुसतं 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. त्या वादकांपैकी कुणी गिरगावात, दादरला घरी जाऊन सांगितलं असेल का, आज कुणाबरोबर वाजवलं ते?