पाणउतारा

मी सिडनीत दुभाषी म्हणून काम करते. ३० मार्च २०१७ च्या सकाळी एका मोफत कायदा-सल्ला केंद्रात साताऱ्याकडचे एक वयस्कर गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. ओळख पटेल असे तपशील मी येथे गाळले आहेत. बसथांब्यावर एका अनोळखी माणसाने त्यांच्या रंगावरून आणि देशावरून त्यांना चारचौघांत घाणेरडे बोलून घेतले होते, आणि सोबत नातू होता.

वकीलबाईंनी १९७५ च्या वांशिक भेदभाव कायद्याचे कलम १८-सी समजावले. १९९५ मध्ये जोडलेले हे कलम वंश, रंग किंवा मूळ देशावरून चारचौघांत चार क्रिया करण्यास मनाई करते. मी त्या मराठीत सांगितल्या: मन दुखावणे, अपमान करणे, मानहानी करणे, धाक घालणे. काका म्हणाले, "ताई, यातलं काहीच नाही. नातवासमोर माझा पाणउतारा केला त्यानं." मी थांबले. तिसऱ्या क्रियेसाठी, म्हणजे इंग्रजी 'ह्युमिलिएट'साठी, मी पुस्तकी शब्द निवडला होता; खरा शब्द काकांनीच दिला. तसे मी वकीलबाईंनाही सांगितले, कारण दुभाष्याने स्वतःची दुरुस्ती लपवायची नसते.

त्याच दिवशी कॅनबेरात ऑस्ट्रेलियन संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, सिनेटमध्ये, यांतल्या पहिल्या तीन क्रिया वगळून त्यांच्या जागी 'छळणे' घालण्याच्या तेव्हाचे पंतप्रधान टर्नबुल यांच्या सरकारच्या विधेयकावर चर्चा चालू होती. मन कशानेही दुखावते, त्यासाठी कोणाला न्यायालयात खेचू नये, हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. २०११ मध्ये स्तंभलेखक अँड्र्यू बोल्ट याच कलमाखालचा खटला हरल्यापासून तो जोराने मांडला जात होता. परंतु न्यायालयांनी किरकोळ दुखावणे या कलमात कधीच धरले नव्हते, गंभीर परिणामच धरला होता. शिवाय कला, संशोधन आणि प्रामाणिक टीका यांना कलम १८-डी संरक्षण देते. आणि दुखावण्याबरोबर पाणउतारा का काढायचा, याचे उत्तर मला त्या भाषणांत सापडले नाही. छळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सतत चाललेला जाच येतो. काकांना बोलणारा माणूस एकदाच बोलून बसमध्ये चढून गेला होता.

रात्री मी घरी थेट प्रक्षेपण पाहत बसले. ती दुरुस्ती ३१ विरुद्ध २८ मतांनी फेटाळली गेली. मानवाधिकार आयोगाच्या तक्रार-प्रक्रियेतले बदल मात्र पुढे मंजूर झाले.

दुसऱ्या दिवशी काकांचे निवेदन इंग्रजीत उतरवताना 'पाणउतारा' या शब्दापाशी मी पुन्हा थांबले, आणि कलमातलाच तिसरा शब्द लिहिला.