सध्या कानात काय चालूय

सध्या दोनच अल्बम आलटून पालटून ऐकतेय. एक 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ चा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तिघं मिळून काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस वाजवतात, सुरुवात अहिर भैरव रागाने आणि शेवट पहाडी रागाने. मला सगळ्यात जास्त वेड लावलंय ते काब्रांच्या गिटारने, तारेवरून पट्टी सरकवत वाजवतात त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाणं, इतकी सलग येते की कोणीतरी गातंयच असं वाटतं. आणि प्लीज हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर संतूरची ती बारीक थरथर पार हरवते.

दुसरा अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटचा 'द कोल्न कॉन्सर्ट', १९७५ चा, जर्मनीतल्या कोल्न शहरातल्या मैफिलीचं थेट रेकॉर्डिंग. एकटा माणूस, एक पियानो, सगळं जागच्या जागी सुचलेलं. त्या रात्री स्टेजवर भलताच पियानो आला होता, वरचे सूर पातळ, खर्ज कमजोर, म्हणून तो जास्त करून मधल्या पट्ट्यांतच खेळतो आणि डाव्या हाताने तोच ठेका धरून ठेवतो. मध्येच त्याचं गुणगुणणंही ऐकू येतं, काहींना खटकतं, मला तर फार आवडतं. पहिला भागच २६ मिनिटांचा आहे, तेव्हा वेळ काढूनच बसा.